सोलर गच्चीवर, आजींचं बाथरूम मागच्या कोपऱ्यात: गरम पाण्याच्या एका लाइनचं प्रकरण

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका बंगल्यातलं हे काम. तळमजला आणि वर एक मजला, बांधकाम नव्वदच्या दशकातलं. गच्चीवर २०० लिटरचा, वीस नळ्यांचा सोलर. घरात आजी, काका-काकू, त्यांचा मुलगा, सून आणि शाळकरी नात. आजी सोडून सगळ्यांच्या खोल्या वर आहेत. आजींना जिना झेपेनासा झाला तेव्हा खाली मागच्या बाजूच्या कोठीच्या खोलीत त्यांच्यासाठी बाथरूम काढलं आणि गरम पाण्याची लाइन तिथपर्यंत ओढत नेली.

काकांची तक्रार एका वाक्यात होती, "वर तोटी सोडली की गरम येतं, खाली आईला येतच नाही." आजी पहाटे साडेपाचला अंघोळ करतात, त्यानंतर त्यांची पूजा. डिसेंबर-जानेवारीत, निफाडच्या थंडीच्या बातम्या येतात त्या दिवसांत, त्यांना तोटी सोडून बाथरूमच्या दारात थांबावं लागायचं. पहिली बादली गार भरायची, ती बाजूला ठेवायची, मग दुसऱ्या बादलीत कोमट यायला लागायचं. सोलर विकणाऱ्याने "२०० लिटर कमी पडतोय, ३०० चा बसवा" असा सल्ला दिला होता. काकांनी त्याचं कोटेशनही घेऊन ठेवलं होतं. मला बोलावलं ते जागा पाहून स्टँड कुठे बसेल हे सांगायला.

सोलर मी पाहिला. नळ्या धड, टाकी धड, संध्याकाळी टाकीतलं पाणी जवळपास ५५ अंश. सहा माणसांच्या बादलीच्या अंघोळींना हे पुरतं. वरच्या मजल्यावर लगेच गरम पाणी येत होतं, म्हणजे टाकीत ते होतंच. प्रश्न टाकी आणि आजींची तोटी यांच्या मधल्या पाइपाचा होता, आणि टाकी ३०० काय, ५०० लिटरची बसवली तरी मधला पाइप तेवढाच राहणार होता.

बादलीने केलेली मोजणी

अशा घरी मी आधी पाइप उघडत नाही, पाणी मोजतो. लिटरच्या खुणा असलेली बादली, मोबाइलचं घड्याळ आणि स्वयंपाकघरात वापरतात तो टोकाचा डिजिटल थर्मामीटर, एवढंच सामान लागतं. अट एकच: रात्रभर त्या लाइनवरची कुठलीही तोटी कोणी उघडलेली नसावी. म्हणून मोजणी पहाटे, आजींच्या अंघोळीच्या आधी केली.

आकडे असे आले. पहिले तीन-सव्वातीन लिटर १८ अंशांच्या आसपास. मग पाणी एकदम गार झालं, १५ वर आलं. सातव्या लिटरच्या सुमाराला आणखी गार, १२. चौदा-पंधरा लिटरपर्यंत ते तसंच राहिलं. तिथून आकडा वर सरकायला लागला, पण अगदी सावकाश: सोळाव्या लिटरला २०, विसाव्याला ३३, बावीस लिटर झाल्यावर ४०. तोटीचा वेग मिनिटाला साधारण सात लिटर होता, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त वेळ.

पाणी गरम होण्याआधी आणखी गार होतं, ही गोष्ट घरच्यांनी पाहिलेली होती आणि त्यावरूनच त्यांना वाटायचं की सोलरमधून गार पाणी उतरतंय. खरं म्हणजे हे आकडे म्हणजे लाइनचा नकाशाच होता. पहिले तीन लिटर भिंतीच्या आतल्या पाइपातलं पाणी, घराच्या उबेत राहिलेलं. त्यानंतरचं मागच्या बाहेरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपातलं. सर्वांत गार ते गच्चीवर रात्रभर उघड्यावर पडलेल्या पाइपातलं. नाशिकच्या जानेवारीत उघड्या आभाळाखालचा पाइप पहाटे किती गार पडतो ते हात लावून पाहावं. त्याच्या मागून सोलरचं पाणी.

आता पाइप मोजला. सोलर आग्नेय कोपऱ्यात आहे, कारण शेजारच्या इमारतीची सावली गच्चीच्या पश्चिम भागावर पडते. तो हलवण्यात अर्थ नव्हता. तिथून एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कठड्याच्या कडेकडेने १३ मीटर फिरून मागच्या भिंतीवर आलेला, तिथून सहा मीटर खाली उतरलेला, आणि मग पाऊण इंची होऊन भिंतीत नऊ मीटर. एकूण २८ मीटर. एक इंची जीआयच्या एका मीटरमध्ये ०.५८ लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत ०.३७. हिशेब: १९ मीटरचे ११ लिटर आणि नऊ मीटरचे ३.३. सगळे मिळून १४ लिटरच्या वर.

बादलीत मात्र २२ लिटर गेले होते. उरलेले सात-आठ लिटर कुठले? ते लोखंडाचे. एक इंची मीडियम क्लास (मध्यम जाडीचा) जीआय मीटरला २.४ किलो भरतो, पाऊण इंची १.६ च्या आसपास. म्हणजे त्या लाइनमध्ये ६० किलो लोखंड होतं. तेवढं लोखंड तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात सात लिटर पाणी तापतं. सोलरमधून निघालेलं ऊन पाणी वाटेत आधी पाइप तापवतं, स्वतः गार होतं आणि मग पुढे जातं. आकडा १४ लिटरनंतर झपकन न चढता सावकाश चढत होता त्याचं कारण हेच.

हा हिशेब मी काकांना कागदावर लिहून दाखवला, कारण यात गार पाणी वाया जाण्यापेक्षा मोठी गोष्ट दडलेली आहे. पहिली गार बादली या घरात कोणी गटारात सोडत नव्हतं. ती कपड्यांना, झाडांना जायची. जात होती ती उष्णता. आजींची अंघोळ झाली, तोटी बंद केली, की पाइप ऊन पाण्याने भरलेला राहतो आणि ते पाणी तिथेच निवतं. लोखंड आणि पाणी मिळून ही टाकीतल्या २१ लिटर गरम पाण्याइतकी उष्णता. सकाळी आजी, नंतर स्वयंपाकघर, दुपारी भांडी, संध्याकाळी पुन्हा कोणी पाय धुवायला, अशी दिवसातून चारदा लाइन भरून निवली तर ८४ लिटर. २०० लिटरच्या सोलरमधला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कोणाच्याही अंगावर न पडता पाइपात जिरत होता. सोलर कमी पडतोय असं वाटण्याचं खरं कारण हे होतं.

आणि आजींच्या बादलीला लागत होतं किती? ५५ अंशांचं पाणी १८ च्या पाण्यात कालवून ४० अंशांची १८ लिटरची बादली करायची तर गरम पाणी लागतं ११ लिटर. अकरा लिटरसाठी बावीस लिटरची वाट.

मध्येच सापडलेली दुसरी गोष्ट

मोजणीत एक आकडा जुळत नव्हता. २५ लिटर सोडल्यावरही पाणी ४५-४६ च्या वर जाईना, टाकीत ५५ असताना. लाइन तापल्यावर एवढी घट राहायला नको.

म्हणून सोलरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनचा कॉक बंद केला आणि खाली आजींची गरम तोटी उघडी ठेवली. पाइपातलं उरलंसुरलं पाणी ओघळून धार थांबायला हवी. थांबली नाही. गार पाण्याची बारीक धार चालूच राहिली. गरम लाइनमध्ये कुठूनतरी गार पाणी शिरत होतं.

वर नवीन शॉवर बसवला तेव्हा गार लाइनवर प्रेशर पंप घातलेला. गरम लाइन मात्र गुरुत्वावर, कारण साध्या नळ्यांच्या सोलरची टाकी पंपाचा दाब सोसत नाही. त्या बाथरूममध्ये मिक्सरला हँड शॉवर आहे आणि तो मुठीतल्या खटक्याने बंद करायची घरातल्यांना सवय. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहायच्या. मग काय होतं, पंपाच्या दाबाचं गार पाणी मिक्सरच्या पोटातून कमी दाबाच्या गरम लाइनमध्ये ढकललं जातं आणि तिथून खाली आजींच्या तोटीला. वर अंघोळ करणाऱ्याला काही कळत नाही.

आजकाल एका लाइनवर पंप आणि दुसरीवर नाही अशी घरं खूप झाली आहेत, आणि "सोलरचं पाणी अचानक कोमट का येतं" या तक्रारीमागे हे कारण मला वारंवार दिसतं. कॉक बंद करून धार थांबते का ते पाहायला दोन मिनिटं लागतात. प्लंबरला बोलावण्याआधी घरचं कोणीही करू शकतं. इथे उपाय सोपा होता: त्या मिक्सरच्या गरम बाजूला छोटा एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) घातला, पंपाचा दाब थोडा उतरवला आणि नातीला सांगितलं की शॉवर खटक्याने नाही, चावीने बंद करायचा. ती आता घरातल्या मोठ्यांवर लक्ष ठेवते.

काय काय करता आलं असतं

काकांच्या मुलाचं म्हणणं होतं, आजीच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर लावून मोकळं व्हावं. हे म्हणणं चुकीचं नाही. १५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिटच्या आत वीज लागते, २ किलोवॉटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं. पण डोक्यावर २०० लिटर फुकट तापलेलं पाणी असताना ते खाली आणता येत नाही म्हणून वीज जाळायची हे मला पटेना. शिवाय पहाटे लाइट गेली की आजी पुन्हा गार पाण्यावर. गिझर हवा तर सोलरच्या मदतीला हवा, त्याच्या जागी नको.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर हात धुवायला चांगला. ३ किलोवॉटचा असला तरी हिवाळ्यात पाणी २० अंशांनी वाढवायचं तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. बादलीला नऊ मिनिटं. ऐंशीच्या पुढच्या बाईला थंडीत तेवढं थांबवायचं तर आपण काय सुधारलं?

गॅस गिझर कोणीतरी सुचवला होता. आजींचं बाथरूम लहान, खिडकी म्हणजे वर एक झरोका. अशा जागेत गॅस गिझर लावायचा नाही, बस. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आतून कडी लावून बसलेला असतो. लावायचाच तर बाहेर उघड्यावर, पाइप आत. या घरात त्याची गरजच नव्हती.

राहिला फिरत्या पाण्याचा उपाय: गरम लाइनच्या टोकापासून परतीचा पाइप टाकीकडे न्यायचा आणि छोट्या पंपाने पाणी फिरतं ठेवायचं, म्हणजे तोटी सोडताच गरम. हॉटेलांत, मोठ्या इमारतींत हेच करतात. थंड देशांतल्या घरांत बॉयलर तळघरात असतो, तिथे गरम पाणी हलकं म्हणून आपोआप वर चढतं, गार खाली येतं, आणि काही ठिकाणी हे फिरणं पंपाशिवायही चालतं. आपलं उलट आहे. आपली गरम टाकी गच्चीवर, तोटी खाली. ऊन पाणी वरच बसून राहतं, पंपाशिवाय हलणार नाही. पंप लावला असता तर त्याने ६० किलो लोखंडाची उघडी लाइन रोज तापवली असती, आणि परतीचं निवलेलं पाणी टाकीत कालवून वरचा तापलेला थरही मोडला असता. टायमर लावून पहाटे पाचलाच पंप चालवला तरी प्रत्येक वेळी २१ लिटरची उष्णता खर्चच. जाड आणि उघडी लाइन तशीच ठेवून तिला पंप जोडणं म्हणजे गळका माठ भरत बसण्यासारखं आहे.

म्हणून ठरवलं: लाइन आखूड करायची, बारीक करायची, मग गुंडाळायची. क्रम हाच.

"साहेब, एक इंचीच टाकू"

आखूड करण्याला कोणाचा विरोध नव्हता. जुनी लाइन कठड्यावरून लांबचा वळसा घेऊन जायची, कारण त्या वेळी तिला आत आणायला वाट दिसली नव्हती. तळमजल्याच्या पॅसेजवर माळा आहे, जुन्या घरांत असतो तसा. सोलरच्या स्टँडपाशीच बाहेरच्या भिंतीवरून पाइप थेट खाली उतरवला आणि माळ्याच्या उंचीवर घरात घेतला तर तो माळ्यावरून सरळ आजींच्या बाथरूमच्या भिंतीपर्यंत जातो. कुठे फोडाफोड नाही, फक्त आत येताना एक आणि बाथरूममध्ये एक भोक. २८ मीटरचे १९ झाले, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर घराच्या आत, वाऱ्या-उन्हापासून दूर. आणखी एक फायदा: पाइप सगळीकडे उतरता किंवा सपाट राहतो. गरम पाण्यातून हवा सुटते, आणि पाइपाने कुठे दारावरून उंच उडी मारली की तिथे ती साचून एअर लॉक होतो, म्हणजे पाणी अडतं.

वाद झाला जाडीवर. मिस्त्री अनुभवी माणूस, नाशिकमध्ये असंख्य घरांच्या लाइनी त्यांनी टाकलेल्या. त्यांचं म्हणणं, "साहेब, एक इंचीच टाकू. बारीक टाकली तर फोर्स मिळणार नाही, आजी मलाच बोलतील." गुरुत्वावरच्या लाइनीत फोर्सची काळजी रास्त आहे, आणि अर्धा इंची म्हटलं की कोणीही प्लंबर नाही म्हणेल. म्हणून आम्ही जिन्याच्या टोपीवरच्या गार पाण्याच्या टाकीपासून टेप सोडला. सोलरच्या लाइनीला दाब मिळतो तो या टाकीतल्या पाण्याच्या पातळीचा. ती पातळी जमिनीपासून सव्वानऊ मीटर. वरच्या मजल्यावरचा शॉवर सव्वापाच मीटरवर, त्याला दाब मिळतो चार मीटरचा. आजींच्या बाथरूममध्ये शॉवरच्या उंचीला सात मीटर, बादलीच्या तोटीला आठच्या वर.

म्हणजे जी तोटी सर्वांत लांब, तिलाच सर्वांत जास्त दाब. गच्चीवर टाकी असलेल्या आपल्या घरांत हे नेहमी असंच असतं, आणि तरी सगळ्या मजल्यांना एकाच जाडीचा पाइप टाकला जातो.

मग अर्धा इंची सीपीव्हीसीत, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपात, दाब किती खर्च होतो ते काढलं. मिनिटाला सहा लिटर पाणी घेतलं तर दहा मीटर पाऊण इंचीत आणि नऊ मीटर अर्धा इंचीत, एल्बो-टी धरून, सव्वा ते दीड मीटर. सात मीटरमधले दीड गेले, साडेपाच उरले. वरच्या शॉवरला मिळतो त्याहून जास्त. मिस्त्रींनी आकडे पाहिले, थोडा वेळ टेपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग वरच्याला पाऊण इंची आणि खालच्याला अर्धा. हे उलटंच झालं." उलटं दिसतं खरं, पण बरोबर आहे. त्यांनी काम मनापासून केलं आणि त्यांच्या काही सूचना मी घेतल्या. युनियन (उघडता येणारे जोड) कुठे घालायचे हे त्यांनीच ठरवलं.

पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला ०.२६ लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत ०.१२. दहा मीटरचे २.६ आणि नऊ मीटरचा १.१. सगळे मिळून ३.७ लिटर. पाइपाचं वजन तीन किलोच्या आसपास, म्हणजे तो तापवण्यात लिटरभरही पाणी जात नाही. चौदा लिटर आणि ६० किलो लोखंडाच्या जागी हे.

काम करताना

वरच्या मजल्याला आणि आजींना सोलरपाशीच दोन वेगळे फाटे दिले, प्रत्येकाला स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह. वर काही काम निघालं तर आजींचं पाणी बंद पडू नये.

सीपीव्हीसी तापला की लांबतो, आणि बराच लांबतो: दहा मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर अडीच सेंटीमीटर. म्हणून क्लॅम्प आवळले नाहीत, पाइप सरकेल असे ठेवले, आणि माळ्यावर एका ठिकाणी मुद्दाम वळण दिलं. भिंतीत पक्का चिणलेला सीपीव्हीसी काही वर्षांनी सांध्यात चिरतो तो यामुळेच. तोटीपाशी पितळी आट्याचे जोड वापरले, प्लास्टिकच्या आट्यात लोखंड पिळलं नाही. जोडांना लावलेलं सोल्युशन वाळायला पूर्ण वेळ दिल्याशिवाय गरम पाणी सोडायचं नाही, यावर मिस्त्री माझ्याहून कडक होते.

उघड्यावरचा भाग उन्हाने खराब होतो, म्हणून नायट्रिल रबराची नळी आणि तिच्यावर अॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळली. माळ्यावर फक्त रबराची नळी, १३ मिलिमीटर जाडीची. एल्बो आणि टीसुद्धा गुंडाळले. बहुतेक घरांत सरळ पाइप गुंडाळतात आणि जोड उघडे सोडतात.

या गुंडाळण्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात, त्या जागेवर आणायला हव्यात. उघड्या बारीक पाइपातलं ५० अंशांचं पाणी हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत ४० च्या खाली येतं. गुंडाळला तर वीस मिनिटं ते अर्धा तास. रात्रभर काहीच टिकत नाही. पहाटेचं पहिलं पाणी, पाइप कितीही गुंडाळा, गारच येणार; तिथे उपयोग होतो तो फक्त पाइपात पाणी कमी असण्याचा. गुंडाळण्याचा फायदा एका अंघोळीमागून दुसरी होते तेव्हा. म्हणूनच अंघोळी एकामागोमाग उरका, हा कोणताही पाइप न बदलता करता येणारा उपाय आहे. वरच्या मंडळींनी तो उचलला.

जुना जीआय नुसता टोकाला बूच मारून ठेवला नाही, सोलरपाशीच तोडला आणि रिकामा केला. वापरात नसलेल्या पाइपात कोमट पाणी साचून राहिलं की त्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात, आणि घरात वयस्कर माणूस असताना तो धोका ठेवायचा नसतो.

नंतरची मोजणी

तीच बादली, तोच थर्मामीटर, तीच वेळ. पाच लिटरच्या सुमाराला आकडा ४० वर गेला आणि लगेच पुढे ५२. तोटीचा वेग मिनिटाला सहा लिटर. तीन मिनिटांचं काम ५० सेकंदांवर आलं. धार आधीपेक्षा थोडी कमी आहे, आजींना ती जाणवली नाही. बादली भरायला लागणारा एकूण वेळ बराच कमी झाला. आजी एवढंच म्हणाल्या, "आमच्या बंबासारखं झालं हो. चावी फिरवली की ऊन."

सोलरचाही ताण उतरला. चार वेळा लाइन भरून निवली तरी आता अठरा-वीस लिटरची उष्णता जाते, ८४ ची नाही. ३०० लिटरच्या सोलरचं कोटेशन काकांनी परत केलं.

स्वयंपाकघराचा फाटा याच लाइनीवर आहे आणि तिथली अडचण पूर्ण सुटलेली नाही. भांडी विसळताना सूनबाई एका वेळी लिटर-दीड लिटर पाणी घेतात. फाट्यापर्यंतच्या पाइपातच तेवढ्याहून जास्त पाणी आहे, म्हणजे गरम तोटी उघडली तरी हातावर गारच येतं आणि ऊन पाणी पाइपात येऊन थांबतं. तिथे थोडं पाणी घ्यायचं असेल तर गारच तोटी वापरावी, आणि तेलकट भांड्यांचा ढीग एकदम काढायचा असेल तेव्हाच गरम, असं ठरलं. ओट्याखाली छोटा इन्स्टंट गिझर हवा असल्यास त्यासाठी पॉइंट काढून ठेवला आहे.

पावसाळ्यासाठी मुलाचा गिझर अखेर आला, पण वेगळ्या जोडणीने. सोलरचं पाणी गिझरमध्ये शिरतं आणि गिझरमधून तोटीला येतं. पाइपातलं पहिलं चार-पाच लिटर गार पाणी गिझरच्या तळाशी जातं, वरून आधीच तापलेलं बाहेर पडतं, आणि मागून सोलरचं ऊन पाणी येऊन पोचतं. आजींना गार पाणी लागतच नाही. जुन्या लाइनीवर हे जमलं नसतं, १४ लिटरच्या गार पाण्याने १५ लिटरचा गिझर भरून गेला असता. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ७० च्या वर जातं, ते गिझरमध्ये घेणं बरं नाही, म्हणून बायपास, म्हणजे गिझर वगळून थेट तोटीला जाणारी वाट, ठेवला आहे. मार्चमध्ये एक चावी फिरवायची, पावसाच्या तोंडावर परत.

आणि एक गोष्ट मी काम पूर्ण झालं असं म्हणण्याआधी आग्रहाने करून घेतली. आधी पाणी तीन मिनिटं रेंगाळत यायचं, हात काढून घ्यायला भरपूर वेळ मिळायचा. आता एप्रिल-मेमध्ये मिनिटाच्या आत ७० अंशांचं पाणी आजींच्या तोटीला येऊ शकतं. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी त्याहून लवकर. म्हणून त्यांच्या बाथरूममध्ये गरम-गार एकत्र होतात तिथे कमी दाबावर चालणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार आपोआप कालवून ठरलेल्या तापमानाचं पाणी देणारा) बसवला आणि ४२ अंशांवर लावून त्याची चावी काढून काकांकडे दिली. त्यांच्या गार लाइनीवर पंप नाही, दोन्ही लाइनींचा दाब एकाच टाकीचा, त्यामुळे तो नीट चालतो. गार पाणी बंद पडलं तर व्हॉल्व्हने गरमही बंद करायला हवं. गार लाइनचा कॉक बंद करून ते आम्ही आजींच्या समोर पाहिलं. धार दोन-तीन सेकंदांत थांबली. वर्षातून एकदा ही तपासणी करायची आणि व्हॉल्व्हची जाळी साफ करायची, हे काकांनी व्हॉल्व्हशेजारी भिंतीवर लिहून ठेवलं आहे.